सोयाबीनचे बियाणे ऑक्टोबरात घडते

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सोयाबीन उत्पादकांना खात्रीचे बियाणे पेरणीआधी उपलब्ध होण्याबाबत

महोदय,

खरीप तोंडावर आला की राज्यात बियाण्याची चर्चा सुरू होते आणि ती दरवर्षी त्याच वाटेने जाते : बोगस बियाण्यावर छापे, भरारी पथके, परवाने निलंबित केल्याचे आदेश आणि पेरणीनंतर काही दिवसांनी न उगवलेल्या शेतांचे पंचनामे. ही कारवाई आवश्यक आहे, कारण फसवणूक होते आणि फसवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. परंतु राज्यातील ज्या पिकाखाली ४५ ते ५० लाख हेक्टर जमीन येते त्या सोयाबीनपुरते बोलायचे, तर बियाण्याची प्रत जूनमध्ये ठरतच नाही. पीक कापणीला आलेले असताना पडलेला पाऊस, मळणी यंत्राचा वेग, खळ्यावरचे वाळवण आणि पुढचे सात-आठ महिने त्या पोत्यांना मिळालेली जागा यांनी ती आधीच ठरवलेली असते. जूनमध्ये शासनाच्या हाती दोषी शोधण्यापलीकडे फारसे काही उरत नाही, आणि दोषी सापडला तरी हुकलेली पेरणी परत येत नाही. म्हणून कृषिखात्याने बियाण्याच्या कामाचा केंद्रबिंदू जूनमधून ऑक्टोबरात आणि दुकानातून गावात न्यावा, अशी या पत्राची मागणी आहे.

चांगले बियाणे म्हणजे काय, हे शास्त्राने आणि कायद्याने बऱ्याच अंशी स्पष्ट केलेले आहे. बियाणे ज्या वाणाचे म्हणून दिले जाते त्याच वाणाचे असणे ही त्याची आनुवंशिक शुद्धता. त्यात खडा, माती, तण किंवा फुटका दाणा नसणे ही भौतिक शुद्धता. पेरल्यावर निरोगी रोप देणाऱ्या दाण्यांचे शेकडा प्रमाण ही उगवणक्षमता. आणि दाण्यावाटे रोग शेतात न येणे हे त्याचे आरोग्य. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण, किमान ९८ टक्के भौतिक शुद्धता आणि साध्या पोत्यात साठवताना जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा, अशी मानके आहेत. वाण निर्माण करणारी कृषी विद्यापीठे वा संशोधन संस्था पैदासकार बियाणे तयार करतात आणि त्याला पिवळे लेबल असते. त्यापासून पांढऱ्या लेबलचे पायाभूत बियाणे आणि पायाभूतापासून निळ्या लेबलचे प्रमाणित बियाणे तयार होते. यांच्या जोडीला सत्यप्रत बियाणे असते. त्याची हमी प्रमाणीकरण यंत्रणा देत नाही, विकणारी संस्था स्वतःच्या जबाबदारीवर देते. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाच्या पिशवीवर लेबल लावणे आणि किमान मानके पाळणे सक्तीचे असले तरी प्रमाणीकरण ऐच्छिक आहे, ही गोष्ट अनेक शेतकऱ्यांना ठाऊक नसते आणि दुकानात ती सहसा सांगितली जात नाही.

ही साखळी कागदावर निर्दोष आहे. ती सोयाबीनला का पुरत नाही, याचे उत्तर पिकाच्या स्वभावात आहे. हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलोची एक पूर्ण बॅग, इतके बियाणे या पिकाला लागते आणि त्या एका हेक्टरातून उत्पन्न मात्र १० ते १५ क्विंटलच्या आसपास मिळते. बीजोत्पादनाच्या प्लॉटमधून हेक्टरी १२ क्विंटल माल निघाला आणि चाळणीतली घट वजा जाता १० क्विंटल बियाणे हाती आले, तर ते जेमतेम १३ हेक्टरांना पुरते. राज्यातील ५० लाख हेक्टरांना ३७ लाख ५० हजार क्विंटल बियाणे लागते. दर तीन वर्षांनी बियाणे बदलावे या शिफारशीप्रमाणे त्यातील केवळ एक तृतीयांश नवे द्यायचे म्हटले तरी साडेबारा लाख क्विंटल प्रमाणित बियाणे हवे, त्यासाठी सव्वा लाख हेक्टरांवर बीजोत्पादन हवे, त्या क्षेत्रासाठी सुमारे ९४ हजार क्विंटल पायाभूत बियाणे हवे आणि त्याच्याही मागे सुमारे ७ हजार क्विंटल पैदासकार बियाणे हवे. हे गणित ढोबळ आहे, पण कोणत्याही एका महामंडळाची किंवा कंपनीची गोदामे या पिकाला का पुरी पडणार नाहीत, हे समजण्यास ते पुरेसे आहे.

याच्या शेजारी कापूस ठेवला की फरक स्पष्ट होतो. बीटी कापसाच्या संकरित बियाण्याची दोन पाकिटे, म्हणजे किलोच्या आतले वजन, एका एकराला पुरतात. ती ट्रकने कुठेही नेता येतात, आणि संकरित वाणाच्या सरकीपासून पुढच्या पिढीत तोच गुणधर्म एकसारखा मिळत नसल्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी नवे पाकीट घ्यावेच लागते. खासगी उद्योगाला हा व्यवहार परवडतो आणि म्हणूनच कापसाच्या बियाण्यात दुकान हेच केंद्र झाले. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, म्हणजे फुलातले परागीभवन त्याच फुलात होते; दोन वाणांमध्ये तीन मीटरचे अंतर ठेवले तरी प्रमाणीकरणाच्या नियमाला पुरते. चांगल्या बियाण्यापासून शेतकऱ्याने काळजीपूर्वक राखलेले घरचे बियाणे दोन-तीन हंगाम त्याच वाणाचे राहते. त्यामुळे उद्योगाला यात फारसा रस नाही आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र उद्योगाला ज्यात रस नाही तिथे सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी दुप्पट होते, हे धोरणात अद्याप पुरेसे उतरलेले नाही.

घरचे बियाणे वापरणारा शेतकरी मागासलेला आहे, हा समज पहिल्यांदा टाकून द्यावा लागेल. विकसनशील देशांतील लहान शेतकरी बियाणे कुठून आणतात, याची आफ्रिकेतील पाच देश व हैती मिळून केलेली पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ९० टक्के बियाणे अनौपचारिक मार्गाने, म्हणजे स्वतःच्या घरातून, शेजाऱ्याकडून वा स्थानिक बाजारातून आलेले आढळले आणि निम्म्याहून थोडे अधिक तर एकट्या स्थानिक बाजारातून आलेले होते. महाराष्ट्राची स्थिती कापूस, मका यांसारख्या संकरित पिकांत अगदी वेगळी असली तरी सोयाबीनमध्ये घरच्या बियाण्याचाच आधार मोठा आहे. कायदाही त्याच्या बाजूने आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ ने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेदेखील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, इतरांशी अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच की ते ब्रँडच्या नावाने पिशवीबंद करून विकू नये. जगात फार थोड्या देशांनी हा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. परंतु हक्क असणे आणि त्या हक्काने राखलेला दाणा उगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी शासनाने अजून बरेच करायचे आहे.

कारण सोयाबीनचा दाणा विलक्षण नाजूक असतो. त्याचे आवरण पातळ असते आणि ज्यातून पहिले मूळ फुटते तो अंकुराचा भाग त्या आवरणाच्या लगेच खाली असतो. मळणी यंत्राचा ड्रम वेगात फिरला, पोते उंचावरून आपटले किंवा थप्पी फार उंच रचली की दाणा वरून अखंड दिसूनही आतून निकामी होतो. दाण्यात सुमारे २० टक्के तेल असल्यामुळे उष्ण आणि दमट हवेत त्याचे वार्धक्य लवकर येते. शेंगा वाळत आल्यावर पाऊस झाला तर दाणा शेंगेतच फुगतो आणि पुन्हा सुकतो, बुरशी शिरते, आणि बियाणे खळ्यावर येण्याआधीच त्याची उगवण घटलेली असते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने हेच केले. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून न उगवलेल्या सोयाबीनच्या हजारो तक्रारी आल्या, त्यांत खासगी आणि सार्वजनिक अशा दोन्ही पुरवठादारांचे बियाणे होते, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वर्षी काही ठिकाणी लबाडी झाली असेल; पण एवढ्या मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी उगवण फसण्याचे मुख्य कारण आदल्या शरद ऋतूतील ओल्या खळ्यांत होते, आणि ते ऑक्टोबरातच दिसत होते.

येथे लेबलाचीही एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते. हिवाळ्यात तपासलेला लॉट विदर्भातील ४४-४५ अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढून जूनमध्ये शेतकऱ्याच्या हाती येतो, तेव्हा लेबलवरील आकडा कायद्याने वैध असतो, पण दाण्याची आजची स्थिती त्यातून कळतेच असे नाही. गव्हासारख्या टिकाऊ दाण्याला ही मुदत चालून जाते. सोयाबीनच्या प्रत्येक लॉटची मे महिन्यात दुसरी उगवण चाचणी सक्तीची असावी आणि तिचा निकाल लॉट क्रमांकासह जाहीर व्हावा. बियाण्याचा प्रवास शोधता यावा यासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये ‘साथी’ हे पोर्टल सुरू केले आहे. पिशवीवरील क्यूआर कोडमधून बियाणे कुठून आले हे कळू शकत असेल, तर ते शेवटचे कधी तपासले आणि शंभरातले किती दाणे उगवले हेही त्याच कोडमधून कळायला हवे.

पेरणी फसल्यानंतरच्या न्यायाबद्दल थोडक्यात. १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; एका एकराच्या दुबार पेरणीचा खर्चही त्यापेक्षा अधिक होतो. बियाणे खरेदी करणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले, ही मोठीच सोय झाली. मात्र तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येते तेव्हा बॅग रिकामी झालेली असते, आणि दोष बियाण्याचा, खोल पेरणीचा की अपुऱ्या ओलाव्याचा हे ठरवायला वस्तुनिष्ठ पुरावा उरलेला नसतो. पावती, लेबल आणि मूठभर दाणे जपून ठेवण्याची सूचना खाते शेतकऱ्याला करते. तेवढीच जबाबदारी विक्रेत्यावरही टाकून प्रत्येक लॉटचा मोहोरबंद नमुना हंगाम संपेपर्यंत तालुका कृषी कार्यालयात ठेवण्याची व्यवस्था केली, तर बहुतेक वाद तिथेच मिटतील.

खरे काम गावात आहे आणि ते आवाक्यातले आहे. ज्या गावात ४०० हेक्टर सोयाबीन आहे त्याला एका हंगामासाठी ३०० क्विंटल बियाणे लागते. त्यातील एक तृतीयांश, म्हणजे १०० क्विंटल, दरवर्षी नवे करायचे तर १० हेक्टरांवर बीजोत्पादन पुरते आणि त्या १० हेक्टरांसाठी पायाभूत बियाण्याच्या केवळ २५ बॅगा लागतात. या २५ बॅगा वेळेवर आणि योग्य वाणाच्या मिळाल्या तर गावाला बाहेरच्या कोणाकडे पाहावे लागत नाही. उरलेल्या दोन तृतीयांशांना मागच्या दोन वर्षांचे तपासलेले घरचे बियाणे पुरते. केंद्राचा ग्राम बीजोत्पादन कार्यक्रम याच कल्पनेवर उभा आहे. परंतु अनुदानावर बियाणे वाटले की कार्यक्रम झाला, असे त्याचे स्वरूप अनेकदा होते. कापणीच्या वेळी शेतावर कोणी येत नाही, आणि पायाभूत बियाण्यापासून आलेला माल इतर मालाबरोबर बाजार समितीत जातो. बियाणे म्हणून जपण्याच्या कष्टाचे मोल मिळत नसेल तर शेतकऱ्याने ते का जपावे?

हे मोल मिळवून देण्याचा मार्ग अन्न व कृषी संघटनेने १९९३ मध्ये मांडला आणि २००६ मध्ये सुधारला. गुणवत्ता-घोषित बियाणे म्हणता येईल अशा या पद्धतीत नोंदणीकृत शेतकरी किंवा गट स्वतः मानके पाळून स्वतःच्या नावाने घोषणा करतो, आणि शासकीय यंत्रणा सर्व शेते न तपासता किमान १० टक्के शेते व नमुने अचानक तपासते. टांझानियाने आपल्या बियाणे कायद्यात तिला स्थान दिले असून असे बियाणे उत्पादकाच्या परिसरातच विकले जाते, त्यामुळे विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. महाराष्ट्रात शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट यांचे जाळे त्याहून दाट आहे. सत्यप्रत बियाण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहेच. तिच्या आधारे तालुक्याच्या मर्यादेत विक्री करणाऱ्या गटांसाठी परवान्याची सोपी श्रेणी, तपासणीचे माफक शुल्क आणि घोषणा खोटी ठरल्यास नोंदणी रद्द होण्याची निश्चित शिक्षा, एवढे केले तरी पुष्कळ घडेल. महाबीजसारख्या, १९७६ पासून शेतकऱ्यांच्या शेतांवरच बीजोत्पादन करत आलेल्या महामंडळाने या गटांचा स्पर्धक होण्याऐवजी त्यांना पायाभूत बियाणे पुरवणारा आणि त्यांचा लॉट तपासून देणारा घाऊक आधार व्हावे.

या गटांना लागणारी साधने महागडी नाहीत. ओलावामापक, फेऱ्यांचा वेग कमी ठेवता येईल असे मळणी यंत्र, वाळवणासाठी ताडपत्री किंवा पक्के खळे, पोती जमिनीपासून उचलून ठेवायला लाकडी फळ्या, आणि एक चाळणी यंत्र. अनुदानाच्या याद्यांत ट्रॅक्टरचलित अवजारांचा भरणा असतो. बियाण्यासाठीच्या या साधनांना त्यांत स्वतंत्र शीर्ष हवे. उगवण चाचणीला तर गोणपाटही पुरते : ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडून गुंडाळून ठेवले की आठवड्याभरात सुदृढ कोंब मोजता येतात. कृषी सहायक उन्हाळ्यात गावोगाव ही प्रात्यक्षिके घेतात आणि ते काम मोलाचे आहे, पण तोवर बियाणे बदलायला वेळ उरलेला नसतो. हीच चाचणी मळणीनंतर लगेच, नोव्हेंबरमध्ये, एकदा आणि मेमध्ये दुसऱ्यांदा घ्यावी. पहिल्या चाचणीचे निकाल तालुकावार एकत्र केले तर पुढच्या जूनमध्ये तूट कुठे पडणार आहे, हे खात्याला सहा महिने आधी कळेल. २०१९ मध्ये ते कळले असते तर उन्हाळी सोयाबीनचा पर्याय त्याच वर्षी हाती घेता आला असता; प्रत्यक्षात त्याला मोठ्या प्रमाणावर चालना मिळाली ती तक्रारींचा तो हंगाम उलटून गेल्यावर. सिंचनाची सोय असलेल्या भागात हिवाळ्याच्या मध्यास पेरून उन्हाळ्यात काढलेले हे बियाणे ताजे असते, त्याला साठवणुकीचा काळ थोडा लागतो. उत्पन्न खरिपापेक्षा कमी येते आणि रोगराईकडे लक्ष द्यावे लागते, म्हणून हा मार्ग तुटीच्या वर्षाची तरतूद म्हणून राखावा.

वाणांच्या बाबतीतही बरेच अंतर कापायचे आहे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये दिलेला जेएस ३३५ हा वाण महाराष्ट्राने दोन दशकांहून अधिक काळ इतका उचलून धरला की त्याच्या पलीकडे जाणे अवघड झाले. दरम्यान परभणी विद्यापीठाचे एमएयूएस मालिकेतील वाण आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे फुले संगम, फुले किमया यांसारखे वाण आले. त्यांतील काहींना शेतकऱ्यांनी इतकी मागणी दिली की हव्या त्या वाणाच्या बॅगेबरोबर नको असलेले खत वा औषध माथी मारण्याचा, ज्याला बाजारात लिंकिंग म्हणतात, तो प्रकार होऊ लागला. लिंकिंगवर कारवाई करावीच, परंतु त्याचे मूळ टंचाईत आहे आणि टंचाईचे मूळ पैदासकार बियाण्याच्या अपुऱ्या मागणी-नोंदणीत आहे. कोणत्या वाणाचे किती पैदासकार बियाणे हवे याची मागणी हंगामाच्या दोन-तीन वर्षे आधी नोंदवावी लागते. ती करताना गतवर्षीच्या विक्रीचे आकडे पुढे ओढण्याऐवजी गटांकडून व शेतकरी कंपन्यांकडून आलेली मागणी जमेस धरावी.

आणखी एका वर्गाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनुदानित बियाण्यासाठी ऑनलाइन अर्ज आणि सातबारा लागतो. ठोक्याने किंवा बटईने जमीन कसणारा, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली पण शेत प्रत्यक्ष सांभाळणारी स्त्री, हे दोघेही त्या दारातून आत येऊ शकत नाहीत. घरात बियाणे निवडणे, वाळवणे आणि राखणे हे काम पिढ्यानपिढ्या बहुतांशी स्त्रियांनी केले आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या स्थानिक वाणांच्या बियाणे बँकेला २०२० मध्ये पद्मश्रीच्या रूपाने दाद मिळाली, ती याच ज्ञानाला होती. सोयाबीनच्या गावपातळीवरील बीजोत्पादनात गटाची नोंदणी करताना सातबाऱ्याची अट न ठेवता ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानला, तर हे ज्ञान कार्यक्रमात येईल.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. २००४ मध्ये राज्यसभेत मांडले गेलेले बियाणे विधेयक मंजूर होऊ शकले नाही आणि शेतकऱ्यांच्या दोन दशकांतील अनेक पेरण्या त्या प्रतीक्षेत गेल्या. राज्याच्या अधिकारात जे येते ते येत्या कापणीपूर्वी करता येईल : सोयाबीनच्या प्रमुख जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्यातील निवडक गावे ठरवावीत, तेथील बियाण्याचे प्लॉट सप्टेंबरमध्ये फुले-शेंगांच्या अवस्थेत पाहून वेगळे नोंदवावेत, ओलावामापक आणि कमी वेगाची मळणी यंत्रे कापणीच्या आधी त्या गावांत पोहोचवावीत आणि नोव्हेंबरमधील उगवण चाचणीचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे आदेश द्यावेत.

कळावे.